जुळी आहेत असे कळल्यावर: तज्ज्ञाकडे जायचे की नाही, हे कसे ठरवावे

सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठोके दिसले, की घरात आनंदाच्या पाठोपाठ सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, आता मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातच नाव घालायला हवे. कोणी म्हणते, आपल्या आजीची जुळी घरीच झाली, काही बिघडले नाही. दोन्ही सल्ले मायेपोटीच आलेले असतात. मात्र एका प्रश्नाचे उत्तर हाती आल्याशिवाय त्यांतला कोणता ऐकावा हे ठरवता येत नाही, आणि तो प्रश्न घरात सहसा कोणी विचारत नाही: दोन्ही बाळांची वार एकच आहे, की प्रत्येकाची स्वतंत्र?

वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला तो अवयव, ज्यातून नाळेवाटे बाळाला प्राणवायू आणि पोषण मिळते. जुळ्यांच्या बाबतीत जोखमीचे गर्भारपण सांभाळणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे की नाही, केव्हा जावे आणि किती वेळा जावे, हे बव्हंशी या वारेवरून ठरते. आईचे वय, रक्तदाब, आधीची बाळंतपणे या बाबी महत्त्वाच्या आहेतच, पण त्या नंतर येतात.

बाराव्या आठवड्याचा कागद

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवस होईपर्यंतच्या काळात वार एक की दोन हे सर्वांत खात्रीने सांगता येते. बाळाच्या मानेमागची जागा मोजणाऱ्या ज्या तपासणीला सगळे ‘एनटी स्कॅन’ म्हणतात ती याच काळात होते, त्यामुळे यासाठी वेगळी सोनोग्राफी करावी लागत नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी ते पाहून अहवालात स्पष्ट लिहावे, आणि आपण तो कागद हातात घेतल्यावर ते लिहिले आहे का हे तिथेच पाहावे, एवढेच करायचे असते.

डॉक्टर काय पाहतात हे समजून घेणे अवघड नाही. दोन बाळांमधला पातळ पडदा जिथे वारेला येऊन मिळतो त्या जागेकडे त्यांचे लक्ष असते. वारा दोन असतील तर त्या जागी वारेचा थोडा भाग पडद्याच्या दोन पदरांमध्ये वर शिरलेला असतो आणि उतरत्या छपरासारखा एक लहानसा त्रिकोण दिसतो; ग्रीक अक्षरावरून त्याला लॅम्डा खूण म्हणतात. वार एकच असेल तर पडदा अगदी बारीक असतो आणि वारेवर काटकोनात सरळ टेकतो, म्हणून तिला टी खूण म्हणतात. पुढे आठवडे वाढत गेले की हा त्रिकोण विरत जातो, पडदा ताणला जातो, आणि जे बाराव्या आठवड्यात पाच मिनिटांत दिसले असते ते विसाव्या आठवड्यात निष्णात डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईलच असे नाही.

आपल्याकडे या खुणेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. इतर अनेक देशांत एक मुलगा आणि एक मुलगी दिसली, की वारा दोन आहेत हे उशिरासुद्धा जवळजवळ निश्चित धरता येते आणि आई-वडिलांना तसे सांगता येते. भारतात १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे, आणि तो कायदा का करावा लागला हे आपण सारे जाणतो. त्यामुळे तो दुवा आपल्या अहवालात येऊच शकत नाही. आपल्यासाठी बाराव्या आठवड्याची खूण हाच खरा पुरावा.

अहवालात ‘डायकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक’ किंवा ‘डीसीडीए’ असे लिहिलेले असेल तर वारा दोन आणि पाण्याच्या पिशव्याही दोन. ‘मोनोकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक’ किंवा ‘एमसीडीए’ असेल तर वार एक, पिशव्या दोन. ‘एमसीएमए’ असेल तर वारही एक आणि पिशवीही एकच. नुसते ‘ट्विन प्रेग्नन्सी, दोन्ही ठोके चांगले’ एवढेच असेल, तर अहवाल अपुरा आहे असे समजावे आणि काउंटरवरून हलण्यापूर्वी नम्रपणे विचारावे. ‘एकच वार दिसते’ या तोंडी वाक्यावरही विसंबू नये, कारण दोन वारा शेजारी-शेजारी रुजल्या तर त्या जुळून एकसंध दिसतात. ‘एकसारखी दिसणारी जुळी म्हणजे एक वार’ हा समजही अर्धाच खरा आहे: एका बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांना स्वतंत्र वारा असतात. दोन वेगळ्या बीजांची जुळी मात्र जवळजवळ नेहमीच दोन वारांची असतात.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही हा प्रश्न विचारला नाही. आठव्या आठवड्याच्या कागदावर दोन जीव, दोन्ही ठोके, एवढेच होते. बाराव्या आठवड्याच्या कागदावर मानेमागची मापे होती, वारेबद्दल ओळ नव्हती, आणि आम्हाला ती नसल्याचे कळलेही नाही. एकोणिसाव्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा वार समोरच्या भिंतीवर एकसलग दिसत होती आणि पडदा कसा मिळतो ते नीट उमगत नव्हते. अशा वेळी दुसऱ्या जाणकाराकडून पाहून घ्यावे आणि तरीही उलगडा झाला नाही तर वार एकच आहे असे धरून चालावे, हा वैद्यकातला मान्य नियम आहे, आणि त्या डॉक्टरांनी तसेच केले. दर पंधरा दिवसांनी पहाटेची एसटी, मांडीवर फाइल, आणि पाण्याची मापे ऐकेपर्यंत बहिणीचा माझ्या मनगटावर घट्ट धरलेला हात, असे सतरा आठवडे गेले. दोन्ही मुली छत्तिसाव्या आठवड्यात सुखरूप झाल्या. नंतर वार तपासणीला पाठवली तेव्हा कळले, की त्या दोन होत्या, जुळून एक झालेल्या. त्या फेऱ्या वाया गेल्या असे मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. पण बाराव्या आठवड्यात एक वाक्य विचारले असते तर ती धास्ती टळली असती.

वार एकच असेल तर

वार एकच असेल तर तज्ज्ञाकडे जावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. जावेच, आणि सोळावा आठवडा लागण्यापूर्वी पहिली भेट झालेली असावी. प्रकृती ठणठणीत आहे, रक्तदाब चांगला आहे, मळमळही थांबली आहे, म्हणून ही भेट पुढे ढकलू नये, कारण इथली जोखीम आईच्या प्रकृतीत दिसत नाही, वारेत असते.

एकाच वारेवर दोन बाळे असली, की दोघांच्या रक्तवाहिन्या वारेच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवघेव समतोल राहते. १०० पैकी साधारण १० ते १५ एक-वारी जुळ्यांत मात्र एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागते. देणाऱ्या बाळाला रक्त कमी पडते, त्याची लघवी कमी होते, आणि गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीनेच बनत असल्यामुळे त्याच्याभोवतीचे पाणी आटते. पडदा त्याच्या अंगाला चिकटतो आणि ते गर्भाशयाच्या भिंतीशी अडकल्यासारखे दिसते. घेणाऱ्या बाळाच्या हृदयावर ताण येतो, त्याची पिशवी पाण्याने फुगत जाते. सोनोग्राफीत हे मोजता येते: एका पिशवीतील पाण्याचा सर्वांत खोल कप्पा २ सेंटिमीटरहून कमी आणि दुसऱ्या पिशवीत ८ सेंटिमीटरहून अधिक भरला, की निदान पक्के होते. विसाव्या आठवड्यानंतर काही ठिकाणी ही वरची मर्यादा १० सेंटिमीटर धरतात.

यावर उपचार आहे, आणि म्हणूनच वेळेवर कळणे एवढे महत्त्वाचे आहे. गर्भाशयात दुर्बीण घालून वारेवरच्या त्या जोडवाहिन्या लेझरने बंद करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीने दाखवून दिले, की वारंवार पाणी काढत राहण्यापेक्षा लेझरने बाळे वाचण्याची आणि त्यांच्या मेंदूला इजा न होण्याची शक्यता जास्त असते. ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान केली जाते आणि देशातील मोजक्याच शहरांत होते. पाण्यातला फरक पंधरवड्यात, कधी त्याहूनही लवकर, वाढू शकतो. सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी, हे आंतरराष्ट्रीय वेळापत्रक यामुळेच ठरले आहे. महिन्यातून एकदा तपासणी हा एका बाळाच्या गर्भारपणाचा रिवाज इथे पुरत नाही.

आणखी दोन गोष्टी तज्ज्ञ पाहतात. पाणी सारखे असूनही एका बाळाच्या अंगात रक्त हळूहळू कमी होत जाणे आणि दुसऱ्याच्या अंगात घट्ट होत जाणे, हे मेंदूतील रक्तवाहिनीच्या डॉपलरनेच, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीनेच, कळते, आणि ते माप प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात घेतले जात नाही. दुसरी गोष्ट वारेच्या असमान वाटणीची: एका बाळाच्या वाट्याला वारेचा लहान तुकडा येतो आणि त्याची वाढ मागे पडते. वार एकच असताना एका बाळाच्या जिवावर बेतले, तर जोडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे दुसऱ्यालाही धोका पोहोचतो. हे वाचून भीती वाटेल, याची मला कल्पना आहे. तरी ते सांगणे भाग आहे, कारण दर पंधरा दिवसांचा प्रवास कशासाठी, हे घरातील सर्वांना कळले पाहिजे. कामावरून रजा काढणाऱ्या नवऱ्यालाही आणि ‘इतकी सोनोग्राफी कशाला’ म्हणणाऱ्या सासूबाईंनाही. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, क्ष-किरण नव्हेत, हे त्यांना सांगितले तर पुष्कळ शंका मिटतात.

पिशवीही एकच असेल, तर तज्ज्ञाची चिठ्ठी त्याच दिवशी मागावी. अशी जुळी क्वचित असतात, पण त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतू शकतात. म्हणून त्यांना शेवटच्या काही आठवड्यांत रुग्णालयात दाखल करून ठोक्यांवर लक्ष ठेवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो आणि बाळंतपण बहुधा ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सिझेरियनने केले जाते. ही तयारी गावातील लहान प्रसूतिगृहात होऊ शकत नाही, आणि चांगले डॉक्टर ते स्वतःहून सांगतात.

दोन वारा असतील तर

इथे खरा निर्णय घ्यावा लागतो. दोन वारांची जुळी असतील, आईला दुसरा कोणताही आजार नसेल, आणि नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना जुळ्यांच्या बाळंतपणांचा सराव असेल, तर त्यांच्याकडेच राहणे योग्य ठरते असे माझे मत आहे. त्यांना आईची प्रकृती ठाऊक असते, त्या जवळ असतात, आणि रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर शंभर किलोमीटरवरचे नामवंत नाव उपयोगी पडत नाही. अशा वेळी तज्ज्ञाकडे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळांच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी एकदा करून घ्यावी आणि पुढे विसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी वाढीची तपासणी आपल्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी, एवढे बहुधा पुरते.

पुढीलपैकी काही असेल तर मात्र दोन वारा असूनही तज्ज्ञांचे मत घ्यावे. आधीचे बाळंतपण नवव्या महिन्याच्या पुष्कळ आधी झाले असेल किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा नसताना गर्भ पडला असेल. आधी रक्तदाब वाढला असेल किंवा झटके आले असतील. मधुमेह, मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा ल्युपससारखा आजार असेल. वय चाळिशीच्या पुढे असेल. गर्भाशयावर आधी शस्त्रक्रिया झाल्या असतील. किंवा सुरुवातीला तिळी असून त्यांतला एक गर्भ विरला असेल. विदर्भातील आणि नंदुरबारकडील कुटुंबांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का हे आवर्जून पाहावे, कारण सिकलसेल आणि जुळी एकत्र आली तर रक्ताचे नियोजन आधीपासून करावे लागते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर ते तर कोणत्याही गर्भारपणात गंभीरच.

काही कारणे पुढे तपासणीत निघतात. दोघांच्या वजनात २० टक्क्यांहून अधिक तफावत, मानेमागच्या जागेच्या मापात ठळक फरक, एखाद्या अवयवात दोष, गर्भजल कमी-जास्त, किंवा अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी, यांपैकी काहीही अहवालात आले तर दोन दिवसांत तज्ज्ञांची वेळ घ्यावी. म्हणजे निर्णय एकदाच घ्यायचा नसतो. बाराव्या, सोळाव्या, विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला नवा अहवाल समोर ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा असतो.

तज्ज्ञांचे मत घ्यायचेच असेल तर ते लवकर घेण्याला आणखी एक कारण आहे. जुळ्यांच्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका एका बाळापेक्षा जास्त असतो, आणि तो कमी करण्यासाठी अनेक मातांना कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन दिली जाते. ती बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू केल्यास अधिक लाभ होतो. ती आपल्या मनाने घेऊ नये. पण ‘मला लागेल का?’ हा प्रश्न विसाव्या आठवड्यात विचारण्यापेक्षा बाराव्यात विचारलेला बरा.

पूर्ण अंथरुणावर झोपून राहण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तज्ज्ञाकडे जाण्याऐवजी तोच उपाय समजला जातो, म्हणून एवढे सांगावेसे वाटते: नुसत्या सक्तीच्या विश्रांतीने जुळ्यांचा अकाली जन्म टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही, उलट पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण

‘हाय-रिस्क प्रेग्नन्सी’ ही पाटी आता तालुक्याच्या गावातही दिसते, आणि तिच्यामागे तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसे असू शकतात. फीटल मेडिसिनचे डॉक्टर मुख्यतः पोटातील बाळाची सखोल तपासणी आणि गरज पडल्यास पोटातच उपचार करतात. त्यांतले पुष्कळ जण बाळंतपण स्वतः करत नाहीत. जोखमीची बाळंतपणे करणारे अनुभवी प्रसूतितज्ज्ञ आईचा रक्तदाब, साखर आणि प्रत्यक्ष बाळंतपण सांभाळतात. सोनोग्राफी करणारे रेडिओलॉजिस्ट मापे उत्तम घेतात, पण उपचारांचा निर्णय त्यांचा नसतो. अमेरिकेतील बहिणीने किंवा जावेने फोनवर ‘मॅटर्नल फीटल मेडिसिनवाल्याला दाखव’ म्हटले, तर तिथे जे काम एकच डॉक्टर करतात ते इथे अनेकदा दोघांत विभागलेले असते, हे ध्यानात ठेवावे. एक-वारी जुळ्यांसाठी पहिल्या प्रकारचे डॉक्टर हवेतच. दोन-वारी पण आजारी आईसाठी बहुधा दुसऱ्या प्रकारचे.

भेटीची वेळ घेताना पाटीवरच्या पदव्यांपेक्षा चार प्रश्न अधिक उपयोगी पडतात. गेल्या वर्षभरात एक-वारी जुळी किती पाहिली? लेझरची वेळ आली तर तुम्ही करता की कोणाकडे पाठवता, आणि तिथे किती तासांत पोहोचता येईल? माझ्या डॉक्टरांना दर भेटीनंतर लेखी कळवाल का? आणि रात्री काही झाले तर फोन कोण उचलेल? या प्रश्नांनी चांगले डॉक्टर रागावत नाहीत. रागावलेच, तर तेही एक उत्तर समजावे.

आपल्या डॉक्टरांना वाईट वाटेल, या संकोचाने अनेक जण तज्ज्ञाकडे गुपचूप जातात. त्यातून दोन ठिकाणची औषधे आणि दोन ठिकाणचे अहवाल यांचा घोळ होतो. सरळ म्हणावे: ‘डॉक्टर, अहवालात वार एकच असल्याचे लिहिले आहे. सोळाव्या आठवड्याच्या आत एकदा फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवावे असे आम्हाला वाटते. आपण कोणाकडे पाठवाल, आणि त्यांच्या नावे चिठ्ठी द्याल का? बाकीची देखरेख आपलीच राहू द्या.’ शेवटचे वाक्य आवर्जून म्हणावे. गुहागर-दापोलीकडून पुण्याला किंवा गडचिरोलीहून नागपूरला दर पंधरा दिवसांनी जाणे ज्यांना अशक्य आहे, त्यांनी तज्ज्ञांनाच विचारावे की मधली तपासणी जवळच्या केंद्रात करून मापे पाठवली तर चालतील का. ठराविक मापांची यादी लिहून दिली तर अनेकदा अशी सोय होते.

काचेच्या पेट्या आणि माहेर

डॉक्टर चांगले असणे आणि रुग्णालयात बाळांची सोय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तज्ज्ञ निवडताना हा फरक सर्वांत जास्त वेळा नजरेआड होतो. १०० पैकी जवळपास ६० जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. लवकर आलेल्या दोन बाळांना एकाच वेळी काचेत ठेवावे लागू शकते, म्हणून ‘एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष) आहे का?’ एवढ्यावर न थांबता, एका वेळी दोन व्हेंटिलेटर मिळतील का, बालरोगतज्ज्ञ रात्री तिथेच असतात का, आणि रक्तपेढी किती अंतरावर आहे, हे चोविसाव्या आठवड्याच्या आत विचारून ठेवावे. सोय नसेल तर बाळे पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात पोहोचणे, जन्मानंतर रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते. अकाली कळा सुरू झाल्या तर बाळांची फुप्फुसे पक्व होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, आणि त्यांचा गुण येण्यासाठी वेळ मिळावा लागतो; तो वेळ रस्त्यात जाऊ नये.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे जिव्हाळ्याची आहे. ओटीभरण किंवा डोहाळजेवण झाले, की सातव्या महिन्यात मुलगी आईकडे जाते. जुळ्यांच्या बाबतीत नेमका हाच काळ सर्वांत नाजूक असतो, आणि त्याच वेळी डॉक्टर बदलतात, फाइल अर्धी राहते, नव्या ठिकाणी वजनांची तुलना करायला जुनी मापे नसतात. माहेरी जाऊ नये असे मी म्हणत नाही. आईजवळ असण्याची गरज जुळ्यांच्या वेळी उलट अधिकच असते. पण जायचेच असेल तर बाळंतपण जिथे व्हायचे तिथले डॉक्टर विसाव्या आठवड्यापूर्वी ठरवावेत, एकदा जाऊन त्यांना भेटून यावे, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर लांबचा प्रवास ठरवू नये. माहेरच्या गावात नवजात बाळांची सोय नसेल, तर आईनेच मुलीकडे येऊन राहावे हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. डोहाळजेवणही थोडे अलीकडे घेतले तर काही बिघडत नाही.

खर्चामुळे तज्ज्ञाचा विचार सोडून देऊ नये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि जुळी असलेल्या आईची नोंद जोखमीची म्हणून करून कार्डावर लाल खूण लावतात. ती खूण पाहून घाबरू नये. तिच्यामुळेच आशाताई पुढच्या भेटींचा पाठपुरावा करतात आणि वरच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळणे सोपे जाते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे, तसेच आजारी नवजात बाळाचे उपचारही. जिल्हा रुग्णालयातील बाळांच्या कक्षाला एसएनसीयू म्हणतात. गुंतागुंत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून थेट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. गोव्यात ती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची असते.

ज्या वेळी तज्ज्ञाची वाट पाहायची नसते

पोट चार-आठ दिवसांत झपाट्याने वाढून टम्म झाले, पाठीवर निजता येईना, धाप लागू लागली, तर ते ‘दोन आहेत म्हणून’ असे म्हणून सोडून देऊ नये. एक-वारी जुळ्यांत पाणी वाढल्याची ती पहिली खूण असू शकते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ठराविक अंतराने पोट कडक होणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, चेहरा आणि हात अचानक सुजणे, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज, किंवा बाळांची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या गुरुवारची वेळ आहे म्हणून थांबू नये. रक्तदाब १४० आणि ९० च्या वर गेला तर त्याच दिवशी, आणि १६० किंवा ११० ला पोहोचला तर त्याच तासाला, सर्वांत जवळच्या सुसज्ज रुग्णालयात जावे. १०८ चा नंबर नवऱ्याच्याच नव्हे, तर घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

सर्व सुरळीत चालले तर अखेरचा प्रश्न तारखेचा आणि पद्धतीचा असतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शिका दोन-वारी जुळ्यांसाठी सुमारे ३७ आठवडे आणि दोन पिशव्यांच्या एक-वारी जुळ्यांसाठी सुमारे ३६ आठवडे सुचवते. आपले डॉक्टर त्यात थोडा फरक करू शकतात, पण एका बाळासारखी ४० आठवड्यांची वाट पाहत नाहीत. जुळी म्हणजे सिझेरियनच, असेही नाही. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल तर नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा मातांमध्ये आधीच ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा जास्त फायदा झालेला दिसला नाही. मात्र त्यासाठी दुसरे बाळ फिरवण्याचा सराव असलेले डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची खोली त्याच क्षणी तयार हवी. ही सोय आपल्या दवाखान्यात आहे का, हे बत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर बाळंतपण कोठे करायचे ते त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.

फाइलच्या पहिल्या पानावर पाच ओळी मोठ्या अक्षरात लिहून ठेवाव्यात: वार एक की दोन आणि ते कोणत्या आठवड्यात ठरले; आईचा रक्तगट; पहिल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख; चालू औषधे; आणि रात्री फोन करायच्या दोन डॉक्टरांचे क्रमांक. बाळांच्या कक्षाची वाट आणि रात्रीचे प्रवेशद्वार नवऱ्याने दिवसाउजेडी एकदा चालून पाहिलेले असावे.